घाटाखालची बारी

शुक्रवार : चाकणची रसवंती

सुट्टी लागली की लोक कोकणात जातात, आंबे खातात, समुद्रात पाय बुडवून फोटो काढतात. मी खड्डे बघायला जाते, असं आमच्या घरातलं मत आहे. ते खड्डे नसतात, घळी असतात. पावसाच्या पाण्यानं माती कातरत नेऊन केलेल्या, कधी माणूस मावेल एवढ्या, कधी अख्खी एसटी. थेरगावच्या ज्या इमारतीत आम्ही राहतो तिथं माती फक्त कुंडीत सापडते, आणि तीही नर्सरीतून विकत आणलेली. ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं भूगोल शिकवून मला खऱ्या मातीची भूक लागते, ती अशी सुट्टीत भागवावी लागते.

"या वेळी कुठला खड्डा?" नवऱ्यानं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या बाजूचं एक गाव, असं मी सांगितलं. त्या गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून त्याच गावात राहायचं आहे.

बोलावणं वैशालीचं होतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी, शेवटच्या बाकावर बसून सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. लग्न होऊन त्या गावात गेली आणि दर दिवाळीला न चुकता फोन करत राहिली. या वेळी मात्र फोन उन्हाळ्यात आला. "मॅडम, आमच्याकडे घळ आहे. खूप मोठी. बघायला या ना. पण रविवारच्या आत या." घळ काही रविवारी पळून जाणार नव्हती, तेव्हा ही घाई कशाची, याचं मला नवल वाटलं.

डांगे चौकातून निघून चाकणला पोचेपर्यंतचं ट्रॅफिक मी वगळते. ज्यांनी ते भोगलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना ते पटणार नाही. वैशाली स्कूटर घेऊन स्टँडबाहेर उभी होती. पण घरी न नेता ती मला आधी एका रसवंतीत घेऊन गेली, अगदी आतल्या बाकावर बसली आणि तिनं दोन ग्लास उसाचा रस मागवला.

मग तिनं सांगितलं ते असं. त्यांच्या गावात बैलगाड्यांचा घाट आहे. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. उतारावर खालून वर सरळ आखलेली मातीची धावपट्टी, तिला इकडे घाट म्हणतात. चार बैल जुंपलेली हलकी गाडी, पुढे घोडीवर स्वार, आणि ही सगळी वरात वाऱ्यासारखी त्या चढावरून झेंड्यापर्यंत पळते. एका धावेला म्हणायचं बारी. रविवारी गावच्या देवाची यात्रा होती. पहिली बारी मानाची असते. हा मान गावातल्या चार घरांत फिरतो आणि यंदा तो वैशालीच्या सासरकडे आला होता. घोडीवर तिचा नवरा संतोष बसणार होता. पाळी आलेल्या घरानं मान नाकारला तर तो त्या घरातून कायमचा जातो, आणि मानाची बारी झाल्याशिवाय दुसरं कुणी गाडी जुंपत नाही.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणाले.

"मॅडम, घाटाखालून बैल पळतात."

मी ग्लास खाली ठेवला.

"धप, धप, धप. जमिनीच्या आतून. दुपारी मी शेळ्या घेऊन जाते तेव्हा ऐकू येतं. दिवाळीपासून ऐकतेय. ह्यांना सांगितलं तर हसतात. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला देवऋष्याकडे नेऊन आणलं. मग डॉक्टरकडे नेलं, त्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या. मला झोप येते हो मॅडम, चांगली येते. आवाजपण येतो." ती रडत नव्हती. एखाद्या ऑफिसात तक्रार सांगावी तसं सांगत होती. "तो घाट पोकळ आहे. आणि हे घोडी घेऊन त्याच्यावरनं जाणार. माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

रसवंतीत पंखा जोरात फिरत होता, बाहेर कंटेनर हॉर्न देत होते, आणि त्या उकाड्यातही माझ्या अंगावर काटा आला. घळ बघायला निघाले होते आणि माझ्या हातात एका बाईचा नवरा येऊन पडला होता.

शनिवार : विमान उतरवा

वैशालीचं घर म्हणजे नवा दुमजली स्लॅबचा बंगला, शेजारी पत्र्याचा गोठा. गोठ्यात चार खोंडं आणि एक पांढरी घोडी. वरच्या अंगाची जमीन विकली गेली आणि तिथं निळ्या पत्र्यांची गोदामं उभी राहिली, इतकी की दारात उभं राहिलं तर डोंगर दिसायच्या जागी गोदामंच दिसतात. संतोष जवळच्या एका कंपनीत कामाला. यात्रेसाठी त्यानं शिफ्ट बदलून घेतली होती. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला मासवडी आणि झणझणीत रस्सा होता. आमच्याकडे मासवडी हॉटेलात मिळते आणि ती साबणाच्या वडीसारखी लागते. इथली खाल्ल्यावर मी थेरगावातल्या त्या हॉटेलाला मनातल्या मनात शाप दिला.

सकाळी आबा मला स्वतः घाट दाखवायला घेऊन गेले. सत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, चालणं मात्र माझ्यापेक्षा जलद.

"घळ बगाय आला व्हय मॅडम? आमी ती बुजिवली की," ते म्हणाले. "शर्यतीवर बंदी व्हती तवा घाटाकडं कोन फिरकलंच न्हाई. वरनं पानी आलं आन घाट फोडून गेलं. बैल उभा दिसायचा न्हाई एवढी खोल चर पडली. बंदी उठली तशी समद्या गावानं मिळून भरली. फाउंड्रीची जळकी वाळू आनली, ट्रकच्या ट्रक, फुकाट. वर मुरूम टाकला, रोलर फिरिवला. आता बगा. विमान उतरवा!"

खरंच विमान उतरलं असतं. खालून वर झेंड्यापर्यंत एक सरळ, रुंद, गुळगुळीत पट्टा, त्यावर गवताची काडी नाही. दोन्ही कडांना मूळ जमिनीचे उंच बांध, लोक उभे राहायला. आणि घाटाच्या डोक्यावर गोदामांची भिंत, तिच्या बुडाशी एक मोठी सिमेंटची नळी, तोंड थेट घाटाकडे.

घळ कशी तयार होते हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. पाऊस थोडा, पण पडला की एकदम धो धो. जमीन उघडी, उतार सरळ, माती भुसभुशीत, आणि वर पाणी गोळा करणारं काहीतरी. इथे या माणसांनी हौसेनं उताराच्या रेषेत धावपट्टी आखली होती, बैलांच्या खुरांनी ती वर्षानुवर्षं तुडवली होती, आणि वर कुणीतरी एकरच्या एकर पत्रा आणि काँक्रीट पसरून त्या सगळ्याचं पाणी एका नळीतून तिच्यावर सोडलं होतं. घळीला याहून जास्त आग्रहाचं आमंत्रण मी पाहिलेलं नाही.

त्यात टँकर आला. शर्यतीआधी धूळ बसावी म्हणून घाटावर पाणी मारायची इथली रीत आहे. टँकरवाला खालून वर पाणी सोडत गेला. मी बघत उभी राहिले. एवढं पाणी पडलं, पण वाहून खाली काहीच आलं नाही. मुरूम क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पांढरा पडला.

"पानी कसं पितोय बगा," आबा कौतुकानं म्हणाले. "सकाळपास्नं तिसरी खेप हाय."

"जातं कुठे पण?" मी विचारलं.

मी टाच आपटून पाहिली. कडेला आवाज भरीव आला. चार पावलं आत, मधोमध, आवाज बदलला. रिकाम्या पिंपावर थाप मारल्यावर येतो तसा. मी आबांकडे पाहिलं. ते टोपी काढून कपाळ पुसत होते.

शनिवार दुपार : घळीत

घाट जिथे खाली संपतो तिथून पुढे नदीपर्यंत घळ न बुजवता तशीच ठेवलेली आहे. जेवणं झाल्यावर वैशाली मला तिथे घेऊन गेली. वेड्या बाभळींतून वाट काढत आम्ही उतरलो, आणि दहा पावलांत जग बंद झालं. वर यात्रेचा डीजे तपासणं चालू होतं, ट्रॅक्टर चालू होते, हायवेची घरघर होती. खाली काही नाही. पांढुरक्या मातीच्या उभ्या भिंती, वर आभाळाची चिंचोळी पट्टी आणि टळटळीत ऊन. कोण जाणे किती काळापूर्वी नदीनं आणून टाकलेला हा गाळ. कोरडा असताना भिंतीसारखा ताठ उभा राहतो, पाणी लागलं की त्याचा धीर सुटतो. त्यात नदीच्या पात्रातली वाळू उपसली गेली आणि पात्र खोल गेलं, त्यामुळे या घळीचं तोंड वर लटकत राहिलं आणि ती खालून वर माती खात निघाली. घळ अशीच चालते. पाणी खाली जातं आणि घळ वर येते.

मी आतापर्यंत पुष्कळ घळी पाहिल्या आहेत, पण त्या घळीत मला कुणीतरी मागून बघतंय असं वाटत राहिलं. भिंतींना भोकं होती. काही मुठीएवढी, काही माठाच्या तोंडाएवढी. ती प्राण्यांची बिळं नव्हती. पाणी वरून जमिनीत शिरतं, आतल्या आत माती नेत नेत बोगदा करतं आणि इथे बाहेर पडतं, त्याची ती भोकं. मी हे वैशालीला समजावून सांगत मागे सरले आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला.

तिनं मला ओढून काढलं. पाय आला, चप्पल आली नाही. बऱ्याच वेळानं, नको इतक्या वेळानं, खाली कुठेतरी चप्पल पडल्याचा आवाज आला.

"मी घरून दुसरी घेऊन येते. तुम्ही हलू नका," वैशाली म्हणाली. मी कशाला हलते! माझी हलायची इच्छाच संपली होती.

ती गेल्यावर मी सावलीच्या भिंतीला टेकून बसले. समोर एक मोठं भोक होतं, माणूस बसून आत जाईल एवढं. त्याच्या तळाशी दुधासारखं गढूळ पाणी पाझरत होतं. सकाळच्या टँकरचं. आतून गार हवा येत होती आणि तिला भिजवलेल्या पिठाचा वास होता. भर उन्हात ती हवा पायाला लागली आणि मी पाय जवळ घेतले.

मग आवाज आला. धप. थोड्या वेळानं पुन्हा, धप, धप. आतलं छत ओलं होऊन मातीचे गोळे सुटत होते, एकामागून एक. मला कारण ठाऊक होतं. तरी सांगते, तो आवाज मातीचा वाटत नव्हता. तो खुरांचा वाटत होता.

आणि त्यानंतर भिंत बोलली.

"आबा, मलाबी ऐकू येतंय."

आवाज संतोषचा होता, अगदी कानाशी बोलावं इतका स्पष्ट. मी धडपडत उठून वर चढले आणि बाभळीआडून पाहिलं. आबा आणि संतोष घाटावर पार वर, झेंड्यापाशी उभे होते, बोटाएवढे दिसत होते. तिथे एखादं भगदाड असणार आणि त्यातून त्यांचं बोलणं सबंध घाटाच्या पोटातून खाली येत होतं. बाहेरून एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा खाली उतरले. चोरून ऐकणं वाईट, हे मला माहीत आहे. पण तिथे त्या भोकाशी न जाणं मला जमलं नाही.

"ठावं हाय म्हनलं की," आबा म्हणत होते. "म्या दसऱ्यापासनं ऐकतोय. तुज्या बायकूच्याबी आधीपासनं."

"मंग आबा?"

"मंग काय? मान सोडायचा? आज्या-पंज्यापासनं चालत आलेला?"

"वैशालीला काय सांगू? रोज इचारती."

"काय बी सांगू नगं. तू 'ऐकू येतंय' म्हनलास की समदं संपलं."

पुढे फक्त धप, धप एवढंच येत राहिलं.

वैशाली परत आली तेव्हा धापा टाकत होती. खाली बसून तिनं चप्पल माझ्या पायापुढे ठेवली आणि विचारलं, "आवाज आला का मॅडम? खरं सांगा." मी हो म्हणाले. तिनं डोळे मिटून घेतले. ती एवढी सुखावली, की मला दुसरी गोष्ट सांगताच आली नाही. तिचा नवरा आणि सासरा इतके महिने तिच्याशी खोटं बोलत होते हे माझ्या तोंडून तिनं का ऐकावं? ते संतोषनं सांगायला हवं होतं. मला त्या माणसाचा मनस्वी राग आला होता.

शनिवार संध्याकाळ : सत्कार आणि दोन पेले

राग घेऊन मी थेट यात्रा कमिटीच्या मांडवात गेले. घाट आतून पोकळ आहे, उद्या शर्यत घेऊ नका, असं स्वच्छ सांगितलं. मंडळी अतिशय अदबीनं उभी राहिली. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी दुसरं वाक्य सुरू करेपर्यंत कुणीतरी माइकवरून जाहीर करून टाकलं की भूगोलाच्या नामवंत प्राध्यापिका आपल्या यात्रेला खास पुण्याहून आल्या आहेत. शाल आली, नारळ आला, फोटो निघाले. एका पुढाऱ्यानं सांगितलं, "मॅडम, रोलर फिरवलाय, काय काळजी करू नका." थेरगावात असं काही सांगायला गेलं तर माणसं भांडतात आणि भांडता भांडता निदान ऐकतात. इथे त्यांनी माझा मान ठेवला आणि मला गप्प केलं. मी शाल पांघरून घरी आले.

ओसरीवर जेवताना मी वैशालीकडे दोन काचेचे पेले मागितले. पाण्यानं भरून दोन्ही सगळ्यांच्या मधे ठेवले. एकात परसातल्या काळ्या मातीचं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात घळीच्या भिंतीतलं. काळं ढेकूळ फुटलं आणि तळाशी बसलं. घळीतलं ढेकूळ आधी तसंच राहिलं. मग त्याच्या अंगातून धूर निघाल्यासारखा पांढरा लोट निघाला, वर चढला, पसरला. कुणी पेल्याला हात लावला नव्हता. बघता बघता पाणी दुधासारखं झालं आणि ढेकूळ दिसेनासं झालं.

"मावळात पाऊस इतका होतो की मातीतला क्षार धुऊन जातो," मी म्हणाले. "तुमच्याकडे ढग येतात ते रिकामे होऊन. क्षार मातीतच राहतो. अशा मातीला पाणी लागलं की तिचा कण कणाला धरत नाही. वरून तुम्ही वाळू भरलीत, ती चाळणीसारखी पाणी खाली सोडते, आणि खाली ही माती. वर रोलर फिरवून काय होणार? वैशालीला येतो तो आवाज खरा आहे. आतलं छत पडतंय."

मी आबांकडे पाहिलं, मग संतोषकडे. आता तरी बोला, असं मनात म्हणत होते. संतोष भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होता आणि एकही खात नव्हता.

"मान न्हाई सोडता येत, मॅडम," आबा म्हणाले आणि पानावरून उठले.

वैशालीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ताटं उचलली. पेले मात्र तिनं उचलले नाहीत.

रविवार : मानाची बारी

पहाटे मी उठून बाहेर आले तर आबा ओसरीवर त्या पेल्यासमोर उकिडवे बसले होते. पाणी अजून तसंच पांढरं होतं. रात्रभरात काही खाली बसलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गोठ्यात संतोष घोडीला खरारा करत होता. मी सरळच सांगितलं, "काल मी घळीत बसले होते. तुमचं दोघांचं बोलणं मला ऐकू आलं."

त्याचा हात थांबला. "तिला सांगितलं?"

"नाही."

"नका सांगू मॅडम. ती 'घाट पोकळ आहे' म्हणते आन मी न्हाई म्हणतो, म्हणून माझी हिंमत होती. दोघंबी आहे म्हणालो तर मी घोडीवर बसू कसा?"

"बसू नका ना!"

"कंपनीत मला समदे 'ए' म्हणून हाक मारतात. वर्षातनं एक दिवस माइकवरनं माझं नाव घेतात, आडनावासकट." तो ओशाळून हसला. "तुम्हाला न्हाई कळायचं."

मला कळत होतं, आणि तरी त्याला धरून हलवावंसं वाटत होतं. घोडीनं माझ्या शालीला तोंड लावलं. तिच्या डोळ्यांत मला आम्ही दोघं दिसत होतो, लहान लहान.

ऊन वर आलं तेव्हा दोन्ही कडांचे बांध माणसांनी भरून गेले होते. हलगी वाजत होती, गुलाल उडत होता, भेळेच्या गाड्या लागल्या होत्या. टँकरनं पुन्हा पाणी मारलं होतं आणि घाटानं ते पुन्हा पिऊन टाकलं होतं. वैशाली माझा हात धरून बांधावर उभी होती. खाली संतोष फेटा बांधून घोडीवर बसला होता, मागे चार बैल गाडीला जुंपत होते. माइकवाल्यानं त्याचं नाव घेतलं, आडनावासकट, आणि लोकांनी आरोळी दिली.

तेवढ्यात आबा घोडीच्या पुढे आले. डोक्याला फेटा, हातात विहिरीच्या कामाची जड लोखंडी पहार.

"तू हितंच ऱ्हा," ते संतोषला म्हणाले. "मान घोडीचा न्हाई. मान घराचा हाय. बारी मी चालतो."

आणि ते घाटावर मधोमध चालायला लागले, एकेका पावलाला पहार आपटत. लोक आधी हसले. "आबा, जोरात पळा!" कुणीतरी ओरडलं. माइकवाल्यानंही एक विनोद केला. पहार वाजत होती, ठक, ठक. मग आवाज बदलला. ढब. हसणं कमी झालं. ढब, ढब. हलगी थांबली. एवढ्या माणसांत मला फक्त पहारेचा आवाज ऐकू येत होता, आणि तो दर पावलाला आणखी पोकळ होत होता. वैशालीची नखं माझ्या मनगटात रुतली.

घाटाच्या निम्म्यावर आबांनी पहार उचलून खाली मारली आणि ती त्यांच्या हातातून गेली. आत. टोकापासून मुठीपर्यंत, सबंध. आबा हात तसेच पुढे धरून उभे राहिले. मग खालून, पार खोलातून, लोखंड वाजलं.

कुणी हललं नाही. आणि त्या शांततेत ते सुरू झालं.

धप. धप, धप. आबांच्या पुढ्यातून सुरू झालं आणि वर निघालं, जमिनीच्या आतून, एकाला लागून एक, वेग घेत. पायांना कळत होतं. चार बैलांची गाडी सुटावी तसा तो आवाज घाटाखालून वर पळत होता, आणि सांगताना अजून माझ्या अंगावर शहारा येतो, ती सगळी माणसं सवयीनं माना वळवून त्याच्याकडे बघत होती. खालून वर, एकदम, जशी बारी बघतात तशी. काही दिसत नव्हतं. नुसता मुरूम थरथरत होता. आवाज झेंड्याखाली पोचला आणि झेंड्याची काठी सरळ खाली गेली. झेंडा पडला म्हणजे बारी संपली. बारीची वेळ मोजणाऱ्या घड्याळवाल्याच्या अंगठ्यानं आपोआप बटण दाबलं.

मग घाट बसला. फार मोठा आवाज झाला नाही. आबांच्या पायांपासून वरपर्यंत मधली सगळी पट्टी खाली गेली आणि काळ्या वाळूचा धुरळा उठला. तो विरला तेव्हा समोर तीच जुनी घळ होती, पूर्वीपेक्षा खोल, गोदामाच्या भिंतीला टेकलेली. कडेच्या बांधावरची माणसं जिथल्या तिथे होती. माइक चालू होता आणि त्यातून फक्त माइकवाल्याचा श्वास ऐकू येत होता.

आबा वळले आणि हळूहळू खाली आले. "झाली बारी," ते संतोषला म्हणाले. "उतर."

वैशालीनं माझा हात सोडला. ती बांधावरून घसरत खाली उतरली, लोकांतून वाट काढत घोडीपाशी गेली आणि तिनं लगाम धरला. संतोष उतरला. मीही तिच्या मागे पोचले होते. ती त्याच्याकडे न बघता, घोडीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "घरी चला. मला आता काही ऐकू येत नाही."

"मलाबी न्हाई येत आता," संतोष म्हणाला.

तिचा हात घोडीच्या मानेवरच थांबला. ती वळली. इतक्या महिन्यांचं सगळं तिच्या चेहऱ्यावर येताना मी पाहिलं, देवऋषी, गोळ्या, रोजचं हसणं. मग तिनं लगाम टाकला आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली, सगळ्या गावासमोर, तोंडातून एक शब्द न काढता. आबांनी मान खाली घातली. संतोषनं हात वर केले नाहीत, तो मागेही सरला नाही. फेटा सुटून खांद्यावर आला तरी तो तसाच उभा राहून तिचा मार खात होता.